मालबाबूंची मंगळवारची बैठक

मलकापूरच्या मालधक्क्यावर आलेला माणूस आपला माल घेऊन लगेच निघून जातोय असं कधी व्हायचं नाही. पावती दाखवली, सही केली, तरी मालबाबू विचारायचे, "कायले पायजे हे?" हा प्रश्न विचारायचा त्यांना काही अधिकार नव्हता. पण अंगावर रेल्वेचा काळा कोट, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा आणि हातात एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल, एवढ्या सरंजामापुढे माणूस आपोआप उत्तर द्यायचा.

मीही दिलं. महाराष्ट्र होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी तहसिलीतली कारकुनी सोडली होती आणि गावाबाहेर, कापसाच्या जिनिंगच्या मागच्या बाजूला, टिनाची एक शेड घेतली होती. कॉस्टिक सोड्याचे दोन डबे मुंबईहून मालगाडीनं आले होते.

"साबणाला," मी म्हणालो.

"धुवाच्या का आंगाच्या?"

"धुण्याच्या."

"घरी सांगितलं का नोकरी सोडली म्हनून?"

मी नोकरी सोडल्याचं यांना कळलं कसं, हेच मला कळेना. घरी सांगितलेलं नव्हतं. मी रोज सकाळी डबा घेऊन निघत होतो आणि तहसिलीऐवजी शेडवर जात होतो. मालबाबूंनी माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही. पावतीच्या मागच्या बाजूला निळ्या टोकानं काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्या हातात दिला. 'मंगळवार, पाच वाजता, क्वार्टर.' एवढंच होतं.

मंगळवारी बाजार बंद असे, म्हणून मंगळवार. स्टेशनमागच्या क्वार्टरच्या ओसरीवर दोन सतरंज्या घातलेल्या होत्या आणि सहा-सात माणसं बसली होती. त्यांच्यात एकच गोष्ट सारखी होती: प्रत्येकानं नुकताच काहीतरी धंदा काढला होता आणि प्रत्येकाचे घरचे त्याला वेड्यात काढत होते. कोणाचा सोडावॉटरचा कारखाना होता, कोणी इंजिनं दुरुस्त करत होता. एकानं बेकरी काढली होती. मेहकरकडची एक बाई होती, शिक्षकाची बायको. तिनं तीन मशीनं मांडून शिवणाचा वर्ग सुरू केला होता. मालबाबू कोणालाच नावानं हाक मारत नसत. बेकरीवाला म्हणजे 'पाव'. मी त्या दिवसापासून 'साबण'. बाईंना मात्र ते 'बाई' म्हणत, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी 'शिवण' अशी हाक मारली तेव्हा बाईंनी उत्तर दिलं नव्हतं.

ही बैठक त्यांनी का सुरू केली, हे ते स्वतःहून सांगत नसत. एकदा पावनं विचारलं तेव्हा सांगितलं. मालधक्क्यावर त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. त्या वर्षांत त्यांनी किती मशीनं उतरवून घेतली याची गणती नव्हती. मशीन यायचं त्या दिवशी मालक नवं धोतर नेसून यायचा, संगं चार माणसं, मशीनला हार, धक्क्यावरच नारळ. "आन मंग वर्षा-दोन वर्षानं तोच मानूस त्याच मशीनले वापस बुक कराले येते. एकटा येते. दुपारच्याले येते, धक्क्यावर कोनी नसते तवा. मी इचारलं का, काय झालं, तर म्हनते, काई नाई, सगळं बरं हाय." मालबाबू आमच्याकडे वळले. "आता हे बरं हाय तर मशीन काऊन चाललं बे वापस?"

म्हणून त्यांच्या बैठकीत 'बरं आहे' म्हणायला बंदी होती. प्रत्येकानं आठवड्यात काय बिघडलं ते आधी सांगायचं. जो 'बरं चाललंय' म्हणेल, त्यानं उठून ओसरीच्या बाहेर जायचं, फाटक लावायचं, पुन्हा फाटक उघडून आत यायचं आणि नव्यानं बोलायला सुरुवात करायची. मोठमोठ्या माणसांना मी असं आत-बाहेर करताना पाहिलं आहे.

दुसरा नियम त्याहून कडक होता. मागितल्याशिवाय कोणी कोणाला सल्ला द्यायचा नाही. एखाद्याचं सांगून झालं की मालबाबू विचारत, "सल्ला पायजे का?" तो हो म्हणाला, तर पुढचा प्रश्न: "कोनाचा?" त्यानं एकाचं नाव घ्यायचं. मग तोच बोलणार, बाकीचे गप्प. तो नाही म्हणाला, तर विषय संपला, पुढचा माणूस. स्वतः मालबाबू सल्ला कधीच देत नसत. कोणी त्यांचं नाव घेतलं तर म्हणत, "मले काय समजते? मी सरकारी पगार खाल्लेला मानूस. धंदेवाल्याले इचार."

मी सुरुवातीच्या महिन्यांत या सगळ्याकडे गंमत म्हणून पाहत होतो. तहसिलीत राहिलेल्या माणसाला नियमांची सवय असते, पण हे नियम कुठल्या खात्याचे ते कळत नव्हतं.

पावची अडचण सगळ्यांत निराळी होती. त्या काळी आमच्याकडे पाव हे आजाऱ्याचं खाणं. ताप आला की डॉक्टर सांगणार, दोन दिवस दूध-पाव द्या. ताप उतरला की माणूस पुन्हा भाकरीवर. धडधाकट माणसाच्या घरी पाव दिसला तर शेजारी चौकशीला यायचे. त्यामुळे पाव बैठकीत बसला की मान खाली घालून सांगायचा, "या हप्त्यात लय वाईट झालं. गावात सगळे ठनठनीत हायेत." यावर हसायची बंदी नव्हती, आणि आम्ही हसायचो. तोही हसायचा. पण एकदा तो दोन मंगळवार आला नाही. तेव्हा मालबाबू ड्युटीवरून उठून, काळ्या कोटातच, त्याच्या भट्टीवर गेले. पावनं मला नंतर सांगितलं, "आले, पिठाच्या पोत्यावर बसले, तासभर बसले, उठून चालले गेले. बोलले काईच नाई. मी म्हनलं, बावा, हा मानूस ड्युटी सोडून माह्या थंड्या भट्टीपाशी कायले बसला असंल?" पुढच्या मंगळवारी तो आला. त्यानं इंजिनवाल्याचा सल्ला मागितला, आणि इंजिनवाला म्हणाला, "पाव कडक कर. चहात बुडवाले दे. चहा तर ठनठनीत मानूसबी पेतो." तो टोस्टवर गेला आणि तिथून त्याचं चाक फिरलं. स्टेशनवरच्या दोन्ही हॉटेलांत त्याचा टोस्ट जायला लागला.

माझी पाळी पावसाळ्यात आली.

मी साबण करत होतो सरकीच्या तेलाचा, कारण मलकापुरात सरकी हवी तेवढी. पण त्या तेलाचा साबण मऊ होतो, हे मला अनुभवानं कळायचं होतं. दमट हवेत माझ्या वड्यांना पाणी सुटायला लागलं. दुकानदार म्हणायचे, तुमचा साबण रडतो. तो घट्ट व्हावा म्हणून मी कॉस्टिक वाढवलं. साबण घट्ट झाला. आणि आठ दिवसांनी पलीकडच्या आळीतल्या एक वयस्कर बाई शेडच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले. कातडी सोलून निघाली होती. त्या भांडल्या नाहीत. "हे पाहून घ्या," म्हणाल्या, "म्हणजे पुढच्या वेळी अंदाज येईल." आणि गेल्या.

त्या मंगळवारी मी बैठकीत म्हणालो, "बरं चाललंय."

मालबाबूंनी पेन्सिलीनं फाटक दाखवलं. मी बाहेर जाऊन आत आलो. म्हणालो, "दमट हवेमुळे जरा त्रास आहे, बाकी ठीक." पेन्सिल पुन्हा फाटकाकडे. तिसऱ्या वेळी मी बाहेर गेलो तेव्हा तिथूनच घरी निघून जावं असं मनात आलं. फाटकाची कडी हातात होती. सायकल समोर होती. का थांबलो ते सांगता येणार नाही. बहुतेक, घरी जाऊनही मला 'बरं चाललंय' हेच सांगायचं होतं, आणि ते सांगून सांगून मी थकलो होतो.

आत येऊन सगळं सांगितलं. कोणी चुकचुकलं नाही. पावनं फक्त आपल्या सदऱ्याची बाही वर करून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग दाखवले, म्हणजे काय ते मला आजही नीट कळलेलं नाही, पण त्या वेळी बरं वाटलं.

"सल्ला पायजे का?"

"पाहिजे."

"कोनाचा?"

मी बाईंचं नाव घेतलं. बाईंनी सल्ला दिलाच नाही, एक प्रश्न विचारला.

"तुमच्या घरी कपडे कुठल्या साबणानं धुतात?"

आमच्या घरी मुंबईच्या कंपनीचा साबण होता. मीच तो आणत होतो, दुसऱ्या पिशवीतून. माझ्या कुटुंबाला माझी शेड आहे हेच ठाऊक नव्हतं, मग माझा साबण घरात जाणार कसा?

"झालं माझं," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी मी घरी जाऊन नोकरी सोडल्याचं सांगितलं. त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. दोन दिवस आमच्याकडे कोणी कोणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मी दुकानादुकानांतून उरलेल्या वड्या परत आणल्या, हात सोललेल्या त्या वयस्कर बाईंच्या घरी तेल आणि मलम घेऊन गेलो, आणि कॉस्टिक कमी करून, घट्टपणासाठी मोहाचं तेल मिसळून नवा घाणा उतरवला. त्याची पहिली वडी पत्नीच्या हातात दिली. तिनं ती जिभेला लावून पाहिली. साबण तिखट लागला तर कॉस्टिक जास्त, ही पारख मी तिला सांगितलेली नव्हती. ती म्हणाली, "तुमच्या कपड्यांना लावून पाहते आधी. माझे नंतर."

आता हे सगळं वाचून मालबाबू म्हणजे कोणी साधुपुरुष होते असं वाटेल. ते तसे मुळीच नव्हते. हट्टी होते, तिरसट होते, आणि आपल्या बैठकीबद्दल त्यांना फार अभिमान होता. चहा स्वतः करायचे आणि वाईट करायचे. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, मंगळवारी स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसत, का, तर 'मंगळवार माहा हाय'. काकू मागच्या दारी बसून शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायच्या, "ज्यायच्या संसाराले घोर लागला, ते समदे आमच्या ओसरीवर."

एकदा कापसाचे एक मोठे दलाल आले. त्यांना बैठक आवडली. म्हणाले, याचं रीतसर मंडळ करू, नोंदणी करू, पाटी लावू, मी अध्यक्ष व्हायला तयार आहे. मालबाबूंनी त्यांना चहा दिला, तो त्यांना प्यायला लावला आणि म्हणाले, "शेटजी, पाटी लावली का वर्गनी आली. वर्गनी आली का खजिनदार आला. खजिनदार आला का भांडन आलं. आन भांडनाले सभासद लय येतात, ओसरी पुरनार नाई माही." दलाल रागावून गेले. जाता जाता त्यांनी सोडावाल्याला, न विचारता, दोन चांगल्या सूचना केल्या. त्या पुढे खरोखर उपयोगी पडल्या. पण मालबाबूंनी सोडावाल्याला त्या पाळल्याबद्दल एक महिना बोलायला दिलं नाही.

मग ते रिटायर झाले.

क्वार्टर सोडून स्टेशनजवळच दोन खोल्यांचं घर घेतलं. सतरंज्या नव्या ओसरीवर आल्या. पहिल्याच मंगळवारी, सगळ्यांचं बोलून झाल्यावर, त्यांनी चष्म्याचा दोरा सारखा केला आणि म्हणाले, "आता माही पाळी." त्यांनी लुधियान्याहून मोजे विणायचं मशीन मागवलं होतं. हातानं फिरवायचं, गोल, सुयांचं.

मशीन आलं त्या दिवशी आम्ही सगळे धक्क्यावर होतो. हार पावनं आणला. मालबाबू नवं धोतर नेसले होते. नव्या मालबाबूंनी पावती पाहून सही घेतली आणि काही न विचारता माल सोडला, याचं आमच्या मालबाबूंना वाईट वाटलेलं दिसलं.

इतकी वर्षं दुसऱ्यांची मशीनं पाहता पाहता त्यांच्याही मनात एक मशीन होतं, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. नोकरी असेपर्यंत त्यांना धीर झाला नव्हता. आता पेन्शन होती आणि धीर होता. हिशोब असा, की राज्य नवं झालंय, गावोगाव हायस्कुलं निघताहेत, पोरांना गणवेश आलाय. गणवेश आला की बूट येणार, बूट आले की मोजे. त्यांचं तर्कशास्त्र चोख होतं. फक्त आमच्याकडची पोरं तेव्हा अनवाणी शाळेत जात होती, आणि मास्तरलोक चपला घालत होते. मलकापूरचा उन्हाळा असा, की मोजे घालायचं नुसतं मनात आणलं तरी पाय भाजतो.

पहिल्या मंगळवारी मालबाबू म्हणाले, "इचारना होऊन राह्यली."

दुसऱ्या मंगळवारी म्हणाले, "ऑर्डरी येऊन राह्यल्या."

त्यानंतर दर मंगळवारी तेच. मशीनचा कर्र कर्र आवाज आम्हाला रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. मोजे तयार होत होते यात शंका नव्हती. जात कुठे होते ते कोणाला दिसत नव्हतं. आणि आमच्यातला कोणीही फाटकाकडे बोट दाखवत नव्हता. ते घर त्यांचं, नियम त्यांचा, वय त्यांचं. मीही गप्प होतो. माझं गप्प बसणं मी आदर या सदरात टाकलं होतं.

पुढे काय झालं, ते सांगण्यासारखं आहे. दोन महिन्यांत बैठक सडली. आधी सोडावाला म्हणाला, बरं चाललंय, आणि त्याला कोणी उठवलं नाही. मग इंजिनवाला. मग मी. आमची पाळी पाच मिनिटांत आटपायला लागली. चहा पिऊन लोक उठायचे. नवा आलेला एक पत्रे कापणारा माणूस दोन मंगळवार बसला आणि म्हणाला, "तुमचं सगळ्यायचं बरं चालू हाय, मी इथं बसून काय करू?" तो पुन्हा आला नाही.

त्याच्या पुढच्या मंगळवारी मालबाबूंनी ऑर्डरी सांगितल्या. "अकोल्याहून इचारना हाय. खामगावहूनबी."

बाई हातातलं बटणाचं काम खाली ठेवून म्हणाल्या, "मालबाबू, बाहेर जा आणि पुन्हा आत या."

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांच्या गळ्यापासून वर लाली चढत गेलेली मी पाहिली. "बाई, हे घर माहं हाय," ते म्हणाले.

"फाटकही तुमचंच आहे," बाई म्हणाल्या.

ते उठले. चपला घातल्या. फाटक उघडलं, बाहेर गेले, फाटक लावलं आणि थेट बाजाराच्या दिशेनं चालायला लागले. आम्ही त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिलो. मग आमच्या लक्षात आलं की आम्ही त्यांच्या घरात बसलो आहोत आणि ते निघून गेले आहेत. उठावं की बसावं कळेना. तेवढ्यात काकू मागून आल्या. मंगळवारी त्यांना ओसरीवर आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"गेले का?" त्या म्हणाल्या. "जाऊ द्या. आतल्या खोलीत या जरा."

आतल्या खोलीत दोन पोती मोजे होते. पांढरे, निळी पट्टी असलेले, सुंदर विणलेले, जोडीजोडीनं टाचलेले. काकू म्हणाल्या, "रातभर झोप नाई त्याईले. मी म्हनलं, त्या लोकाईले सांगा, ते इतले येतात. तर म्हनते, त्याईले सांगितलं तर त्याईचा धीर सुटंल." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आता कोनाचा धीर सुटला ते पाहून राह्यली मी."

तीन मंगळवार त्यांचं फाटक बंद राहिलं. आम्ही पावच्या बेकरीत जमलो. जागा गरम होती, पिठानं कपडे पांढरे व्हायचे, पण कोणाला 'बरं' म्हणायची इच्छा उरली नव्हती. बाईंनी सांगितलं की त्यांच्या वर्गातल्या अर्ध्या मुली लग्न ठरलं म्हणून सोडून गेल्या आणि एक मशीन बंद पडून आहे. बाई इतकं सविस्तर कधीच बोलल्या नव्हत्या.

चौथ्या मंगळवारी साडेपाचच्या सुमारास मालबाबू बेकरीच्या दारात उभे राहिले. कोट नव्हता, साधा सदरा होता. हातात पेन्सिल नव्हती. दारात ते बराच वेळ उभे होते आणि कोणीही 'या' म्हणालं नाही, कारण तसं म्हणावं की नाही याचा नियम नव्हता. शेवटी तेच आत आले आणि सगळ्यांत मागे, नवा माणूस बसतो तिथं, पोत्यावर बसले. उरलेल्या दोघांचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. मग पाव म्हणाला, "मालबाबू?"

"माह्या घरी दोन पोते मोजे हायेत," ते म्हणाले. "एकबी जोडी गेली नाई. अकोल्याहून कोनी इचारलं नाई. मी खोटं बोललो." मग म्हणाले, "मले भेव लागते. मशीनच्या आवाजाचंच भेव लागते. पन बंद केलं तर शेजारी इचारतीन, म्हनून फिरवत राह्यतो."

भट्टीत लाकडं तडतडत होती. पावनं घसा साफ केला. हे शब्द त्यानं मालबाबूंना कधी म्हणावे लागतील असं त्याला वाटलं नसणार.

"सल्ला पायजे का?"

"पायजे."

"कोनाचा?"

"बाईचा."

बाईंनी पिशवीत हात घातला आणि काकूंकडून आणलेला एक मोजा काढला. म्हणजे तो मोजा होता हे निळ्या पट्टीवरून ओळखू आलं. पावलाचा भाग कापून टाकला होता, वरचं तोंड शिवलं होतं, दोन बाजूंना नाड्या लावल्या होत्या आणि शेंड्यावर एक छोटा गोंडा होता. तान्ह्या मुलाची कानटोपी.

"तुमचं मशीन नळी विणतं," बाई म्हणाल्या. "मोज्यांची अट तुमची आहे, मशीनची नाही. आमच्याकडे पायाला कोणी काही घालत नाही, पण थंडीत मुलाच्या डोक्याला टोपी घातल्याशिवाय कुठलीही आई त्याला बाहेर काढत नाही. शिवायचं काम माझ्याकडे द्या. माझं एक मशीन रिकामंच आहे."

मालबाबूंनी टोपी हातात घेतली, उलटी केली, आतली शिवण पाहिली.

"हे कधी सुचलं तुमाले?"

"श्रावणात."

"श्रावनात! आता कार्तिक लागला!" ते पोत्यावरून उठले. "तीन महिने झाले, बाई! मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

पाव तोंडावर हात धरून भट्टीकडे वळला. मालबाबू बाईंकडे पाहत उभे राहिले. ते खूप रागावले होते यात मला शंका नाही. मग तो राग कुठल्याशा वळणावर दुसरीकडेच गेला आणि ते हसायला लागले. ते हसले की त्यांचा चष्मा नाकावरून घसरून दोऱ्यावर लोंबकळायचा. त्या दिवशी तो दोनदा लोंबकळला.

टोप्या खपल्या. कोणी श्रीमंत झालं नाही, पण तीन-चार हिवाळे त्या टोप्या मलकापूर, मोताळा, पार बुलढाण्याच्या बाजारापर्यंत गेल्या. बाईंच्या वर्गात शिवायला काम आलं आणि काम आलं म्हणून लग्न ठरलेल्या मुलींपैकी दोघी लग्नानंतरही येत राहिल्या. बैठक बेकरीतच राहिली. फाटक नव्हतं, म्हणून 'बरं आहे' म्हणणाऱ्याला दुकानाला वळसा घालून यावं लागे. आता सल्ला पाहिजे का हे बाई विचारत. मालबाबू मागच्या पोत्यावर बसायचे आणि आपली पाळी आली की, इतरांना लाज वाटेल इतकं खरं बोलायचे. सुईपासून काकूंच्या रागापर्यंत सगळं. बाई त्यांना मधेच थांबवायच्या, "मालबाबू, धंद्याचं तेवढं सांगा."

माझं जाणं सहाव्या-सातव्या वर्षी कमी झालं. धंदा जुना झाला की माणसाला वाटतं, आता काय सांगायचं. आणि नवव्या वर्षी मी शेड बंद केली. मोठ्या कंपन्यांची पावडर आली होती. तिच्यापुढे माझी वडी टिकण्यासारखी नव्हती. मी बाजार समितीत कारकून म्हणून लागलो. कोणाला मुद्दाम सांगायला गेलो नाही.

पंधरा दिवसांनी मालबाबू दुपारच्या उन्हात काठी टेकत माझ्या घरी आले. तोवर ते बरेच थकले होते. पाणी प्यायले.

"बंद केलं म्हने?"

"हो. चाललं तेवढं चाललं, मालबाबू. तक्रार नाही माझी."

"तक्रार नसंल. वाईट तर वाटत असंल ना बे?"

मी त्यांच्या हातातला रिकामा पेला घेतला. काठी दोन्ही हातांत धरून ते माझ्या अंगणातल्या मोठ्या कढईकडे पाहत होते. शेडमधून आणून मी ती उपडी घालून ठेवली होती.

"हिचं काय करतं?"

"कोणी घेतलं तर देऊन टाकीन."

"नांदुऱ्याले एकजन साबन काढून राह्यला. नवीन मानूस हाय. त्याले देजो. पन नुसती कढई पाठवू नोको, कढईसंगं तूबी जाजो."

"मी जाऊन काय करू? माझा तर बंद पडला."

"म्हनूनच म्हनतो. ज्याचा चालला, तो काय सांगनार? बसून सांगजो त्याले, कसं कसं झालं ते. सगळं सांगजो. नाईतर तोबी सरकीचं तेल घेईन."

मी गेलो. कढई एसटीच्या टपावर बांधली. नांदुऱ्याचा तो माणूस माझ्याहून दहा वर्षांनी लहान होता आणि त्याच्या डोळ्यांखाली जी काळी वर्तुळं होती ती माझ्या ओळखीची होती. मी त्याच्या शेडमध्ये तीन तास बसलो. रडणाऱ्या वड्या, वाढवलेलं कॉस्टिक, त्या वयस्कर बाईंचे हात, दुसऱ्या पिशवीतला मुंबईचा साबण, सगळं सांगितलं. काही गोष्टी सांगताना मला स्वतःलाच प्रथम ऐकू आल्या. तो काही ठिकाणी मान डोलवायचा, काही ठिकाणी दुसरीकडे पाहायचा.

परतल्यावर मी मालबाबूंकडे गेलो. ते ओसरीवर बाजेवर पडले होते, डोळे मिटलेले. काकूंनी खुणेनं सांगितलं, उठवू नका. मी शेजारी बसून राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे न उघडताच विचारलं,

"गेल्ता का?"

"गेलो होतो."

"सांगितलं?"

"सगळं सांगितलं."

"आयकलं का त्यानं?"

मी विचार केला. खोटं बोलण्यासारखं काही नव्हतं.

"अर्धं ऐकलं."

मालबाबूंनी डोळे उघडले, चष्मा शोधला आणि उठून बसले.

"अर्धं लय झालं," ते म्हणाले आणि आत हाक मारली, "अवं, दोन कप चहा मांडजो."